डोंगीच्या कानात

चिंचघाटावर डोंगी पालथी पडून बारा दिवस झाले होते, आणि तेवढ्यात कापसाच्या गाड्यांची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती.

त्या सालची तऱ्हाच न्यारी होती. साता समुद्रापलीकडे कुठे गोऱ्या लोकांची आपसांत जुंपली होती म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी वऱ्हाडच्या बोंडाला सोन्याची कळा आली होती. कोण कोणाशी लढतंय हे घाटावर कोणालाच ठाऊक नव्हतं. लढाई थांबली की भाव आपटणार, एवढं मात्र शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणून जो तो घाईत. बोंड फुटायचा अवकाश, की कापूस वेचायचा, बोज्यांत ठासायचा आणि पूर्णा ओलांडून अकोल्याचा बाजार गाठायचा. इकडच्या गाड्या चिंचघाटावर रिकाम्या व्हायच्या, बोजे डोंगीतून पल्याड कवठ्याला जायचे, तिथून पुढे तिकडच्या गाड्या. घाटावर डोह होता, दोन पुरुष खोल. बैल घालायची सोय नव्हती. डोंगी एकच, नत्थुजी भोयाची. आणि त्या डोंगीला सुतक होतं.

भोयांची रीत आहे. घरात पोरगी झाली की नवी डोंगी बांधायची आणि दोघींचं बारसं एकाच दिवशी करायचं. आत्याने आधी पोरीच्या कानात कुर्र करायचं, मग घाटावर येऊन तेच नाव डोंगीच्या कानात सांगायचं. डोंगीचा कान म्हणजे तिच्या तोंडाशी दोर ओवायचं भोक. बायका पोरीच्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालतात तसे डोंगीच्या वेळीही घालायचे आणि घुगऱ्या वाटायच्या. नऊ वर्षांपूर्वी नत्थुजीच्या थोरल्या बहिणीने, पार्बताबाईने, असंच दोघींचं नाव ठेवलं होतं. वच्छला.

एकदा असं नाव ठेवलं की पथ्यं आलीच. त्यातलं पहिलं पथ्य हे, की जिच्या नावाची डोंगी तिने त्या डोंगीत बसायचं नाही. एका नावाच्या दोघी पाण्यावर गेल्या की नदी एक ठेवून घेते. वच्छला नऊ वर्षं काठावर वाढली, डोंगीवर वाळत घातलेली जाळी राखली, कडेला बसून पाय हलवले, पण पाण्यात सुटलेल्या डोंगीत एकदाही बसली नाही. दुसरं पथ्य मरणाचं. नावाची धनीण गेली की डोंगी तेरा दिवस पालथी घालायची. तेराव्याला आईने डोंगीच्या कानाशी ते नाव तीनदा घ्यायचं आणि उतरवायचं. उतरवलेलं नाव त्या घरात पुन्हा कोणी उच्चारायचं नाही.

वच्छला परतीच्या पावसात गेली.

दसऱ्याच्या आधी चार दिवस झड लागली होती. पूर्णा दोन्ही थड्या भरून चालली होती, आणि काळ्या मातीचा असा चिखल झाला होता की माणूस मांडीपर्यंत रुतत होता. त्यात पोरगी तापली. पहिल्या दिवशी पाणी मागत होती, दुसऱ्या दिवशी मागेना. वैद्य पल्याड कवठ्याला. महादेवराव वैद्य म्हातारा, पायाने अधू, घरच्या ओट्यावरून उतरत नव्हता. नत्थुजी एवढ्या पुरात एकटा बांबू रेटत पल्याड गेला. वैद्य म्हणाला, "नाडी हातात घेतल्याबिगर औषध कसं देऊ? पोट्टीले घेऊन ये. अंदाजानं पुडी देतो, पन थे काई खरं नाई."

नत्थुजी परत आला, त्याने पोरीला घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि घाट उतरला. पाण्यापाशी पोरीची आई, सुभद्रा, आडवी आली.

"तिच्या नावाच्या डोंगीत तिले बसवत नाई," ती म्हणाली.

"अवं, मरून राहिली ना थे!"

"तापानं मानूस उठते. पान्यातून उठत नाई. म्या बसू देनार नाई."

पार्बताबाई काठावर होती. तिनेही मान हलवली. नत्थुजी त्या पावसात पोरीला खांद्यावर घेऊन बराच वेळ उभा राहिला. मग वळला आणि घरी गेला. वैद्याची पुडी मधात दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरगी गेली.

त्यानंतर नत्थुजी त्या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलला नाही. रागावला असता, हात उगारला असता तर बरं झालं असतं. तो नुसता जेवायचा, उठायचा, घाटावर जाऊन बसायचा. सुभद्राही जेवायची. भाकरी तोंडात घोळत राहायची, गिळली की नाही ते तिला कळायचं नाही. एकदा बाभळीचा काटा टाचेत मोडला तरी तिच्या ध्यानात आलं नाही; पार्बताबाईने रक्त दाखवलं तेव्हा तिने खाली पाहिलं. रडू मात्र आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसला आहे, पाझर फुटेल. तिला आपलं ठाऊक होतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती जागची हलत नव्हती. रीत खरी असेल तर तिने पोरीला नदीपासून राखलं. पुढे ताप जिंकला, तो देवाचा खेळ. आणि रीत खोटी असेल तर? यापुढे ती विचार करत नव्हती. तिथे येऊन तिचं डोकं गाडीच्या बैलासारखं बसकण मारायचं.

बाराव्या दिवशी सकाळी खुशालराव दलाल आला. रांगेतल्या चाळीस गाड्यांचा माल त्याचा होता, आणि दोन दिवसांपासून तो झाडाखाली बाज टाकून बसला होता.

"नत्थू, आता कितीक दिवस सुतक पाळतं गा?" तो म्हणाला. "खालच्या घाटाचा भोई म्हनते, माल इकडे आना. पन थो पडला आठ कोसांवर. मले इथूनच सोईस्कर हाये. काय करतं बोल."

"उद्या तेरावा," नत्थुजी म्हणाला. "उद्या नाव उतरवतो, दुसरं ठेवतो, अन् डोंगी सोडतो."

"पक्कं?"

"पक्कं जी. पन सांधे उघडले तिचे. आज भरा लागतीन."

डोंगी बारा दिवस पालथी होती. झड ओसरल्यावर आश्विनाचं ऊन असं तापलं होतं, की फळ्या आखडून सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. सांधे भरायचे म्हणजे कापसाची वात वळायची, जवसाच्या तेलात भिजवायची, छिन्नीने फटीत ठोकायची आणि वरून वितळलेली राळ ओतायची. हे काम घरात नेहमी सुभद्राच करायची. तिच्या हाताची वात सारखी यायची.

राळ घरात होती. तेल पार्बताबाईने दिलं. उरला कापूस. एरवी कापूस मागावाच लागला नसता. गाडीवाला ओंजळभर काढून द्यायचा आणि विसरून जायचा. वऱ्हाडात कापूस मागणं म्हणजे नदीवर पाणी मागणं. पण ते साल वेगळं होतं. सुभद्रा पहिल्या गाडीपाशी गेली, तो गाडीवान म्हणाला, मालकाला विचार. दुसऱ्याने बोज्याच्या तोंडाची दोरी आणखी आवळली. शेवटी ती खुशालरावाच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिली.

"डोंगीसाठी कापूस पायजे होता जी. टोपलीभर."

खुशालराव हसला. "आता डोंगीबी कापूस खाते काय? कवडी घे. तिकडे टाकली हाये."

कवडी म्हणजे किडका, पिवळा, बोंडातच सडलेला कापूस. तिला धागा नसतो, वात वळली की तुटते. सुभद्राने ती घेतली. तेवढ्याने भागेना, म्हणून ती गाड्यांच्या रांगेतून चाकांजवळ, जुवाखाली, बैलांच्या पायांत पडलेले शुभ्र पुंजके वेचू लागली. वाकायचं, उचलायचं, माती झटकायची, लुगड्याच्या ओट्यात टाकायचं. अर्धी रांग झाली असेल, तेवढ्यात एका गाडीवानाने तिचं मनगट धरलं.

"काय वं, बोज्यात हात घालतं काय?"

"खाली पडला होता."

"पाहू दे." त्याने तिच्या लुगड्याचा ओटा चारचौघांत सोडवला. कापूस, काडीकचरा, शेणाचा एक तुकडा आणि सरकीच्या दोन बिया खाली पडल्या. चारदोन माणसं हसली. कोणीतरी म्हणालं, "भोईनबी आता आडत घालते!"

नत्थुजी वीस हातांवर छिन्नी घासत होता. त्याने पाहिलं, आणि खाली मान घालून पुन्हा छिन्नी घासू लागला. सुभद्रा खाली बसली, पडलेला कापूस पुन्हा ओट्यात भरला आणि पुढच्या गाडीकडे गेली. तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मनगटावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते, ते तिने कोणा दुसऱ्याचा हात असावा तसे पाहिले.

दिवसभर ती डोंगीवर वाकून वात भरत राहिली. छिन्नीचा ठोका, मग वात, मग राळ. राळेचे थेंब बोटांवर पडून घट्ट व्हायचे, ते ती नखाने खरवडायची. तळाची एक लांब फट सगळ्यांत वाईट होती, आणि तिथे नेमकी कवडीच उरली. तिने कवडीची दुहेरी वात करून ठोकली. ती टिकणार नाही हे तिला माहीत होतं. नत्थुजीलाही माहीत होतं. तो म्हणाला, "लाकूड पानी प्यालं की फुगन, अन् सांधा मिटन. पहिली फेरी तेवढी सांभाळा लागन."

बारा दिवसांत तो तिच्याशी बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं.

दिवस कलल्यावर पार्बताबाई आली आणि डोंगीच्या सावलीत टेकली. ती घाटावरच्याच दुसऱ्या घरात दिली होती, म्हणून भावाच्या घरची सगळी कार्यं तिच्याच हातून व्हायची.

"उद्या नाव कोनाचं सांगू कानात?" तिने विचारलं. "दुसरी पोट्टी नाई घरात."

खुशालराव बाजेवरून ओरडला, "देवीचं ठेवा! लक्ष्मी ठेवा, माह्या मालाले शकुन होईन."

"देवीचं चालत नाई जी. डोंगीत कोनाचेबी पाय लागतात, पाप कोनाच्या माथी?" पार्बताबाई म्हणाली. मग भावाकडे वळून हळू आवाजात, "माह्यं सांगतलं असतं, पन मी दिल्या घरची."

सुभद्रा फटीत वात दाबत होती. वर न पाहता म्हणाली, "माह्यं सांगा."

नत्थुजीचा हात थांबला. "तुह्यं माहेर पल्याड हाये," तो म्हणाला. "नाव देल्लं की तुले डोंगीत बसता येनार नाई. जन्मभर नाई. माय मेली तरी नाई."

"ठाऊक हाये मले."

"मंग?"

"मंग काई नाई. माह्यं सांगा."

पार्बताबाईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि काही सापडलं नाही म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर चौघांनी मिळून डोंगी सरळ केली आणि पाण्याच्या कडेला आणली. तोंडाला हळदकुंकू लावलं, खण बांधला, नारळ ठेवला. पार्बताबाईने रांगेतल्या गाडीवानांना दटावून सांगितलं, की नाव उतरवताना कोणी खाकरायचंसुद्धा नाही. हाकेला कशानेही ओ दिली, की नाव उतरत नाही. माणसांचं ठीक, पण बैलांच्या गळ्यात वाजत्या घाट्या होत्या. मग गाडीवान आपापल्या बैलांपाशी गेले आणि एकेकाने दोन्ही हातांनी दोन घाट्या मुठीत धरल्या. काल ज्याने सुभद्राचा ओटा सोडवला होता, तोही दोन बैलांच्या मधे वाकून घाट्या धरून उभा होता. खुशालरावाने चिलीम बाजूला ठेवली.

सुभद्रा डोंगीच्या कानाशी वाकली. भोकाच्या कडेला दोराने घासून गुळगुळीत झालेलं लाकूड होतं.

"वच्छला," ती म्हणाली.

कुठे काही हललं नाही.

"वच्छला."

पोरीला हाक मारली की पहिल्या हाकेला ती कधीच यायची नाही, हे तिला आठवलं. तिसरीला यायची, तीही कुरकुरत.

"वच्छला."

डोहाचं पाणी काठाला लागत होतं, तेवढाच आवाज. मग एकेक घाटी सुटली आणि सगळी रांग पुन्हा वाजू लागली. नाव उतरलं होतं. नत्थुजीने डोक्याचं पागोटं काढून तोंड पुसलं. सुभद्राने आपल्या मनात चाचपून पाहिलं, तिथे काही नव्हतं.

पार्बताबाई पुढे झाली, तोंड भोकाला लावून तिने कुर्र केलं आणि सुभद्राचं नाव सांगितलं. दोघीतिघींनी तिच्या पाठीत धपाटे घातले, रीतीपुरते. घुगऱ्या वाटल्या. खुशालरावाने मूठभर तोंडात टाकल्या आणि म्हणाला, "चला रे, भरा!"

बारा बोजे चढले. खुशालराव मालाबरोबर जाणार होता. तो बोज्यांवर चढून बसला. नत्थुजी मागच्या टोकाला बांबू घेऊन उभा राहिला. पहिल्या फेरीचंही पथ्य होतंच: नव्या नावाची डोंगी निघाली की अर्ध्यातून परत फिरवायची नाही, फिरवली की ती आयुष्यभर अर्ध्यातून फिरते. सुभद्राने काठावरचा दोर सोडला, डोंगीला खांदा लावून रेटा दिला. रेटा देता देता ती पाण्यात कमरेपर्यंत गेली, आणि डोंगी सुटताच दोन्ही हात कडेवर टेकवून वर चढली.

"अवं माय!" काठावरून पार्बताबाईने किंकाळी फोडली. "उतर वं! सुभद्रे, उतर!"

नत्थुजीने बांबू रोवलेला होता. तो तसाच थांबला. डोंगी प्रवाहाने तोंड फिरवू लागली.

"काय करून राहिली तू?" तो म्हणाला. "उतर म्हनतो ना."

"म्या उतरत नाई."

"कावून वं? कावून असं?"

"पाहा लागते मले," सुभद्रा म्हणाली. "नदी ठेवून घेते की नाई, थे पाहा लागते."

नत्थुजीला समजलं. खुशालरावाला काहीच समजलं नाही, पण पथ्य त्याच्याही कानावर होतं, तो बोज्याची दोरी धरून म्हणाला, "नत्थू, फिरव! फिरव मांगं!" फिरवता येत नव्हतं. नत्थुजीने बांबू उपसला, पुन्हा रोवला आणि डोंगी डोहात नेली.

सुभद्रा तळाच्या फळीवर बसली होती, पाय पोटाशी घेऊन. तिला भीती वाटत नव्हती. तिला नदीने घ्यावं असं वाटत होतं, आणि तेरा दिवसांत वाटलेली ती पहिलीच गोष्ट होती. नदीने घेतलं तर रीत खरी. रीत खरी तर पोरीला पुरात नेलं नाही हेच बरोबर, आणि मग माय म्हणून तिच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही, ती स्वतःसुद्धा. ती वाट पाहत होती.

डोहाच्या मध्यावर तळाच्या लांब फटीतून पाणी आलं. आधी एक काळी रेघ उमटली, मग ती चमकली, मग पाणी तिच्या टाचांना लागलं. कवडीची वात सुटत होती. सुभद्राने पाहिलं आणि हातसुद्धा हलवला नाही.

"पानी! पानी आलं!" खुशालराव बोज्यावरून खाली उतरला. बोजा भिजला की कापसाचं वजन फुकट आणि भावही. त्याने पागोटं सोडलं, ते भिजवून पिळून पाणी बाहेर टाकू लागला, मग ओंजळीने, मग घुगऱ्यांच्या रिकाम्या द्रोणाने. "बाई, हात लाव ना वं! बुडतो ना सगळे!" तो तिला म्हणाला. काल बाजेवर बसून हसणारा माणूस गुडघ्यांवर रांगत होता. पाणी तिच्या घोट्यांवर आलं. नत्थुजी दात आवळून बांबू रेटत होता, एकही रेटा न चुकवता.

मग पाणी थांबलं. लाकूड फुगलं, फट मिटली. घोट्याएवढं पाणी डोंगीत डुलत राहिलं, खुशालराव उपसत राहिला आणि ते कमी होत गेलं. डोंगीचं तोंड कवठ्याच्या वाळूला लागलं तेव्हा साधा करकर आवाज झाला.

एवढंच. चार चिलमा ओढून होतील एवढाही वेळ लागला नव्हता. काही झालं नव्हतं. ना आज, ना त्या दिवशी झालं असतं.

नत्थुजी बांबू टाकून खाली बसला. त्याने तोंड गुडघ्यांत घातलं आणि तेरा दिवसांनी तो हमसून हमसून रडू लागला. खुशालराव ओल्या पागोट्याने तोंड पुसत त्याच्याकडे बघत राहिला. सुभद्रा उतरली. लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. ती वाळूतून चढली, वडापाशी आली. तिच्या माहेरची वाट उजवीकडे जात होती. ती डावीकडे वळली. शंभर पावलंही नसतील. एक शेणाने सारवलेला ओटा होता आणि त्यावर महादेवराव वैद्य उन्हात पाय पसरून खलात काहीतरी कुटत बसला होता. डोंगी बंद पडल्यापासून चिंचघाटावरची बातमी कवठ्याला पोचलीच नव्हती.

त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "नत्थू भोयाची बायको ना तू? चालू झाली काय डोंगी?" आणि मग तिच्या मागे, वाटेकडे बघत, "पोट्टी कुठं हाये? नत्थू म्हने घेऊन येतो. म्या वाट पाहून राहिलो होतो. आनली काय?"

सुभद्रा ओट्यापाशी खाली बसली.

"नाई जी," ती म्हणाली. "म्या येऊ देली नाई तिले."